घाईतला फोरहँड

टीव्हीवर टेनिस बघताना एक गोष्ट हमखास निसटते, ती म्हणजे चेंडूची उंची. कॅमेरा बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या टोकाच्या रेषेच्या, मागे बराच वर लावलेला असतो, त्यामुळे सगळे फटके जाळीला घासून गेल्यासारखे सपाट दिसतात. पुण्यात बालेवाडीला २०१८ ते २०२३ या काळात, मधलं कोविडचं एक वर्ष सोडलं तर, एटीपीची (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची) महाराष्ट्र ओपन भरत होती. तिथे कोर्टाच्या कडेला, खालच्या रांगेत बसून ज्यांनी सामने पाहिले त्यांना हा फरक ठाऊक आहे. चेंडू जाळीच्या दीड-दोन हात वरून येतो, आता बाहेर जाणार असं वाटतं, आणि कुणीतरी वरून दाबल्यासारखा बेसलाइनच्या आत पडतो. टप्पा पडला की थेट समोरच्याच्या खांद्याशी उसळतो. आजचा फोरहँड, रॅकेट धरलेल्या हाताच्या बाजूने मारायचा फटका, म्हणजे हे आहे. नुसता जोर बघत बसलं तर त्यातलं निम्मंच दिसतं.

‘सध्या सगळ्यात भारी फोरहँड कुणाचा’ हा वाद त्यामुळेच भलत्या टोकाला जातो. कुणी वेगाचे आकडे काढतं, कुणी विनर (समोरच्याला गाठता न आलेले फटके) मोजतं, कुणी पंधरा सेकंदांची क्लिप पुढे करतं. पण कंबरेच्या उंचीचा, मध्यम वेगाचा, पाय रोवायला उसंत देणारा चेंडू मिळाला तर पहिल्या शंभरातला कुठलाही खेळाडू तो लाइनवर नेऊन आपटेल. तिथे तुलना करून हाती काही लागत नाही. तुलना करायची ती नकोशा चेंडूवर. पायाशी खोल पडलेला, खांद्याच्या वर उसळलेला, गवतावरून सरपटत आलेला, उजवीकडे इतका लांब की हात जेमतेम पोहोचेल असा. वेळ नसताना फोरहँडचं काय होतं, ही खरी परीक्षा. माझ्या लेखी याच एका निकषावर आजच्या खेळाडूंची उतरंड लागते, आणि ती वेगाच्या यादीपेक्षा बरीच वेगळी निघते.

वेळ नसतो म्हणजे किती नसतो, ते आधी बघू. कोर्टाची लांबी २३.७७ मीटर. ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास सुटलेला चेंडू हवेत आणि टप्प्यावर वेग गमावत जेमतेम सेकंदभरात पलीकडे पोहोचतो. एवढ्या वेळात चेंडू कुठल्या बाजूला येतोय ते ओळखायचं, दोन्ही खांदे एकत्र वळवायचे, तीन-चार पावलं टाकून बाहेरच्या पायावर भार घ्यायचा, रॅकेट मागे न्यायची, चेंडूच्या खाली सोडायची आणि पुढे-वर झोकायची. मिनिटाला तीन हजार गिरक्यांचा टॉपस्पिन (चेंडूला पुढच्या दिशेने दिलेली फिरकी, जी त्याला खाली खेचते) असेल, तर त्याच सेकंदात चेंडूने स्वतःभोवती पन्नास गिरक्या घेतलेल्या असतात. तारांवर तो टिकतो फक्त चार-पाच मिलिसेकंद. त्या क्षणी हाताने काही दुरुस्ती करणं शक्यच नसतं. रॅकेटचा चेहरा, वेग आणि दिशा जे काही असेल ते आधीच ठरून आलेलं असतं. म्हणून फोरहँड बिघडतो तेव्हा दोष मनगटावर ढकलला जातो, पण तो बहुतेक वेळा अर्ध्या सेकंदापूर्वी पायात झालेला असतो.

यात ग्रिपचा हिशोब महत्त्वाचा. रॅकेटची मूठ अष्टकोनी असते. रॅकेट उभ्या कडेवर धरली की सगळ्यात वरची बाजू एक नंबरची, आणि तिथून उजव्या हाताच्या खेळाडूसाठी घड्याळाच्या दिशेने मोजत जायचं. तर्जनीच्या मुळाचं हाड दोनवर आलं तर कॉन्टिनेन्टल, म्हणजे सर्व्हिस, व्हॉली (टप्प्याआधी मारलेला फटका) आणि स्लाइस (चेंडू कापून मारलेला, उलट्या फिरकीचा फटका) यांची पकड. तीनवर ईस्टर्न, चारवर सेमी-वेस्टर्न, पाचवर वेस्टर्न. हात जितका खाली सरकतो तितकी रॅकेट आपोआप जमिनीकडे झुकते, आणि टॉपस्पिन मिळवणं व खांद्याइतका उंच चेंडू दाबून मारणं सोपं होतं. त्याची किंमत खालच्या चेंडूवर मोजावी लागते. चेंडू घोट्याशी आला की पाच नंबरच्या पकडीत रॅकेटचा चेहरा उघडायला मनगट अवघडून वळवावं लागतं, आणि तेवढा वेळ नसतो. आज बहुतेक सगळे चारच्या आसपास आहेत ते उगाच नाही. खांद्यापासून गुडघ्यापर्यंतचं सगळं त्या पकडीत झेपतं.

कार्लोस अल्काराझचा फोरहँड मी या सगळ्यात वर ठेवतो. तो सर्वांत जोरात मारतो, हे त्याचं कारण नव्हे. त्याच्या फोरहँडची सुरुवात बघावी. खांदे वळतात, डावा हात बेसलाइनला समांतर लांब जातो, आणि रॅकेट धरलेला उजवा हात शरीराच्या उजव्या बाजूलाच राहतो, पाठीमागे हरवत नाही. रॅकेट वर जाते ती आटोपशीर, मग खाली सुटते, आणि तिथून पुढे जो वेग येतो तो कमरेतून येतो. तयारी इतकी आखूड असल्यामुळे घाईतही त्याला फटका अर्धवट सोडावा लागत नाही. उंची १.८३ मीटर, म्हणजे आजच्या टेनिसमध्ये मध्यमच. तरीही खांद्यावरचा चेंडू तो दोन्ही पाय जमिनीवरून उचलून दाबतो, आणि चेंडू रॅकेटवर येईपर्यंत डोकं हलत नाही. स्लो मोशनमध्ये फक्त डोक्याकडे बघत राहा. खाली पूर्ण शरीर वादळात सापडल्यासारखं फिरतंय आणि वर नजर एका जागी खिळलेली.

पण त्याचा फोरहँड वेगळा ठरतो तो ड्रॉप शॉटमुळे, आणि तो जरा जवळून बघण्यासारखा आहे. खांदे वळवताना त्याचा डावा हात रॅकेटच्या गळ्याशी असतो. समोरच्याला दिसतं ते नेहमीचंच, तेच वळण, तीच उंची, आता तडाखा बसणार. डाव्या हाताने रॅकेट तोललेली असल्यामुळे उजव्या हाताला पकड बदलायला फट मिळते आणि चार नंबरवरचा हात दोन नंबरकडे सरकतो. पुढे झोकण्याऐवजी रॅकेट वरून चेंडूच्या खाली शिरते, चेहरा उघडा, मूठ सैल. चेंडूचा सगळा जोर तारा पिऊन टाकतात आणि तो जाळीच्या पलीकडे अलगद उतरतो. समोरचा त्या वेळी बेसलाइनच्या दोन मीटर मागे, टाचांवर भार देऊन तडाख्याची वाट बघत उभा असतो. बेसलाइनपासून जाळी ११.८८५ मीटर. म्हणजे त्याला बारा-तेरा मीटर धावायचं आहे, आणि पहिलं पाऊल चुकीच्या दिशेला पडलेलं.

फोरहँडच्या धाकाशिवाय हा ड्रॉप शॉट चालत नाही, आणि या ड्रॉप शॉटशिवाय त्याचा फोरहँड इतका जाचत नाही. मागे सरावं तर पुढे चेंडू पडणार, पुढे यावं तर खांद्याशी उसळणार. एकाच तयारीतून दोन टोकं काढणारा असा हात आज दुसऱ्या कुणाकडे नाही. फसतो तेव्हा कारण बहुधा जागेचं असतं. स्वतः बेसलाइनच्या मागे असताना ड्रॉप शॉट मारला की चेंडूला हवेत जास्त वेळ लागतो, समोरच्याला सुगावा लागतो, आणि जाळीपाशी त्याला मोकळं कोर्ट मिळतं. अल्काराझ हे अजूनही करतो. दडपण आलं की हात ड्रॉप शॉटकडे वळतो, आणि लागोपाठ दोन-तीन पॉइंट त्यात जातात. त्याच्या खेळात चुकांचे झुबके येतात ते असे.

यानिक सिनरची गोष्ट निराळी. आधी नाव झालं ते त्याच्या बॅकहँडचं, म्हणजे दुसऱ्या बाजूने मारायच्या फटक्याचं. फोरहँड चांगला, पण अजून कच्चा, असं बोललं जायचं. आज त्याचा फोरहँड मोडणं हे टेनिसमधलं सगळ्यात अवघड काम असावं. १.९१ मीटर उंची, लांब हात. रॅकेट तो अल्काराझपेक्षा वर नेतो, कोपर अंगापासून दूर. एवढ्या लांब हाताला घाईत अडचण यायला हवी, पण रॅकेट खाली सुटल्यानंतरचा टप्पा इतका जलद आहे की वर घालवलेला वेळ तिथे भरून निघतो. मूठ पुढे निघते, रॅकेटचं डोकं मागे लोंबकळत राहतं, आणि मग चाबकाच्या टोकासारखं फटकन पुढे येतं. कोर्टाजवळ बसलेले लोक त्याच्या फटक्याच्या आवाजाबद्दल बोलतात. तो आवाज चेंडू तारांच्या अगदी मधोमध लागल्याचा असतो.

सिनरचं खरं भांडवल पायात आहे. उत्तर इटलीतल्या जर्मन बोलणाऱ्या डोंगराळ भागात तो वाढला आणि टेनिसआधी स्कीइंगमध्ये लहान वयात राष्ट्रीय पातळीवर जिंकला. बर्फावर वेगात घसरताना भार एका पायावरून दुसऱ्यावर न्यायची सवय त्याला तिथून आहे. हार्ड कोर्टवर लाल मातीसारखं घसरत जाऊन, बाहेरच्या पायावर थांबून, त्याच पायाने स्वतःला परत मधे ढकलताना तो दिसतो. फटका मारणं आणि परत येणं ही दोन कामं तो एकाच हालचालीत उरकतो. शिवाय बेसलाइनला चिकटून उभा राहतो आणि चेंडू टप्प्यावरून वर येत असतानाच उचलतो. क्रिकेट बघणाऱ्याला हे लगेच कळेल. उसळी पूर्ण होण्याआधी चेंडूवर जाणारा फलंदाज गोलंदाजाचा वेळ खातो, तसं हे आहे. मीटर-दीड मीटर पुढे उभं राहिलं की चेंडू तुमच्याकडे लवकर येतो आणि तुमचा फटकाही समोर लवकर पोहोचतो. दोन्ही बाजूंनी वेळ कापला जातो. ज्याची तयारी आधी झालेली असेल त्याचा फायदा, आणि ती बहुधा सिनरची झालेली असते.

२०२४च्या मेलबर्नच्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात डॅनिल मेदवेदेवविरुद्ध तो पहिले दोन सेट ३-६, ३-६ हरला होता. पुढचे तीन ६-४, ६-४, ६-३ जिंकले आणि शेवटचा पॉइंट डाऊन द लाइन, म्हणजे बाजूच्या रेषेलगत सरळ मारलेल्या, फोरहँडने घेतला. तो फटका मला महत्त्वाचा वाटतो. डाऊन द लाइन मारताना जाळी उंच असते. मधे ती ९१.४ सेंटिमीटर, खांबाशी १०७. आणि कोर्ट आखूड पडतं. एका कोपऱ्यातून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत साधारण २५.१५ मीटर मिळतात, सरळ रेषेत २३.७७. जवळजवळ १४० सेंटिमीटर कमी. शिवाय चेंडू तिरपा आलेला असताना त्याची दिशा बदलायची, म्हणजे रॅकेटचा चेहरा अंशभर चुकला तरी चेंडू बाहेर. पावणेचार तासांच्या सामन्यानंतर, पहिल्या ग्रँड स्लॅमच्या मॅच पॉइंटवर तो फटका निवडणं आणि तो बसणं, यातून त्या फोरहँडवरचा त्याचा स्वतःचा भरवसा कळतो.

उणी बाजू आहे ती एकसुरीपणाची. सिनरचा फोरहँड दहापैकी नऊ वेळा त्याच उंचीने, त्याच वेगाने, त्याच खोलीवर येतो. इतरांना तेवढंच पुरून उरतं. अल्काराझला सवय झाली की पुरत नाही. २०२५च्या यू.एस. ओपनच्या अंतिम सामन्यात अल्काराझने कधी उंच, कधी स्लाइस, कधी अचानक सपाट असं करत त्याला ठेका धरू दिला नाही. निकाल ६-२, ३-६, ६-१, ६-४. आपला खेळ ओळखू येण्यासारखा झाला आहे, बदलावा लागेल, हे सिनरने सामन्यानंतर स्वतःच मान्य केलं. इतक्या वर असलेल्या खेळाडूने हे उघडपणे बोलणं मला फार मोलाचं वाटतं. दोन महिन्यांनी ट्युरिनला एटीपी फायनल्समध्ये, घरच्या छताखाली, त्याने त्याच अल्काराझला ७-६, ७-५ हरवलं.

या दोघांचे फोरहँड समोरासमोर ठेवून बघायचे तर ८ जून २०२५ची पॅरिसची, म्हणजे फ्रेंच ओपनची, अंतिम लढत पुन्हा लावावी. आपल्याकडे संध्याकाळी सुरू झालेला तो सामना मध्यरात्रीपर्यंत चालला. पाच तास एकोणतीस मिनिटं. चौथ्या सेटमध्ये ३-५, ०-४० असताना सिनरकडे तीन चॅम्पियनशिप पॉइंट होते. तिथून अल्काराझ जिंकला. ४-६, ६-७, ६-४, ७-६, ७-६. पाचव्या सेटच्या दहा गुणांच्या टायब्रेकमध्ये तो ७-० पुढे गेला आणि १०-२ने संपवलं. त्या टायब्रेकमध्ये दोघांच्या पायांकडे बघावं. सिनरचे फटके तोपर्यंत फारसे हलके झालेले नव्हते, पण फटक्याआधीची बारीक पावलं कमी झाली होती, आणि चेंडू अंगाच्या थोडा जास्त जवळ येत होता. अल्काराझ मात्र अजूनही अंतर नीट राखत होता. शेवटचा पॉइंटही त्याने धावत जाऊन मारलेल्या डाऊन द लाइन फोरहँडचा. पावलं संपली की फोरहँड संपतो, हे याहून स्वच्छ कुठे दिसेल असं वाटत नाही.

नोव्हाक जोकोविचच्या फोरहँडचं कौतुक व्हायला हवं तेवढं झालं नाही, कारण त्याचा बॅकहँड आणि रिटर्न इतके थोर की बाकी सगळं झाकोळलं. पकड चारपेक्षा जास्त, पाचकडे झुकलेली. तरीही घाईत त्याच्याइतका सांभाळून मारणारा फोरहँड गेल्या पंधरा वर्षांत दुसरा नसेल. पूर्ण ताणलेला, पाय जवळजवळ आडवे पसरलेले, आणि तिथून चेंडू तिरपा, खोल, बेसलाइनच्या हातभर आत. तिरपं मारण्यात जाळीही सखल आणि कोर्टही लांब, त्यामुळे अडचणीत तो बिनचूक तिथेच जातो. धाडस तो सोयीच्या चेंडूसाठी राखून ठेवतो. ४ ऑगस्ट २०२४ला ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यात, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला दोन महिने होत असताना, सदतिसाव्या वर्षी त्याने अल्काराझला ७-६, ७-६ असं हरवलं. दोघांपैकी कुणीही एकदाही समोरच्याची सर्व्हिस ब्रेक केली नाही, म्हणजे त्याच्या सर्व्हिसचा गेम जिंकला नाही. सुवर्णपदकाचा पॉइंट क्रॉसकोर्ट, म्हणजे तिरप्या, फोरहँडवरच संपला. त्या दिवसापुरता जगातला सर्वोत्तम फोरहँड त्याचा होता.

आता ज्यांचा फोरहँड हेच मुख्य शस्त्र आहे, पण जे त्याच्याभोवती बॅकहँड लपवतात, त्यांच्याकडे वळू. कॅस्पर रूड लाल मातीवर सतत डावीकडे सरकत बॅकहँडच्या कोपऱ्यातून इनसाइड-आउट फोरहँड मारतो. या फटक्यात दोन-तीन आडवी पावलं टाकून चेंडूला वळसा घालायचा असतो. वेळ मिळाला तर समोरचा उजव्या हाताचा खेळाडू बॅकहँडच्या कोपऱ्यात अडकून पडतो. पण मारणाऱ्याची उजवी बाजू पूर्ण उघडी राहते, म्हणून फटका खोल आणि जड हवाच. जरा आखूड पडला की डाऊन द लाइन उत्तर येतं आणि धावायला दहा पावलं. मातीवर चेंडू हळू होतो, रूडला तो वळसा परवडतो. २०२२ आणि २०२३ला तो पॅरिसच्या अंतिम फेरीत होता तो याच जोरावर. जलद कोर्टवर तेच पाऊल अर्धं कमी पडतं.

आंद्रे रुब्लेवचा फोरहँड एकटा घेतला तर भीतिदायक आहे, अंगातला कणन्‌कण ओतून मारलेला. पण ग्रँड स्लॅमच्या उपांत्यपूर्व फेरीत तो दहा वेळा पोहोचला आणि एकदाही पुढे जाऊ शकला नाही. दर फटक्याला तोच जोर, त्यामुळे समोरचा पाचव्या गेमपर्यंत त्याचं गणित मांडून बसलेला असतो. २०२५च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये पहिल्याच फेरीत त्याला अठरा वर्षांच्या जोआओ फोन्सेकाने तीन सेटमध्ये हरवलं. त्या ब्राझिलियन पोराचा फोरहँड निखळ वेगात आज कुणालाही मागे टाकेल. घाईत तो टिकतो का, हे ठरायला अजून दोन-तीन हंगाम जावे लागतील. मला त्याच्याकडून फार आशा आहे.

अलेक्झांडर झ्वेरेवबद्दल थोडक्यात. उंची १.९८ मीटर, सर्व्हिस जबरदस्त, बॅकहँड पहिल्या प्रतीचा, आणि ग्रँड स्लॅमचे तीन अंतिम सामने हरलेला. फोरहँडची तयारी लांब, आणि दडपणात तो मागे सरकत सुरक्षित, मधोमध चेंडू टाकू लागतो. २०२५च्या मेलबर्नच्या अंतिम सामन्यात सिनरविरुद्ध त्याला एकही ब्रेक पॉइंट मिळाला नाही. मेदवेदेवचाही फोरहँड दिसायला वेडावाकडा, रॅकेट शेवटी डोक्यावरून गुंडाळली जाते. पण त्याला स्वतःची मर्यादा ठाऊक आहे. तो इतका मागे उभा राहतो की वेळ विकत मिळतो. मोबदल्यात कोन आणि ड्रॉप शॉट उघडे पडतात, आणि अल्काराझसारखा भेटला की हा व्यवहार आतबट्ट्याचा ठरतो.

महिलांच्या टेनिसकडे वळलं की वेगाचा मुद्दा पुन्हा निघतो. २०२४च्या यू.एस. ओपनमध्ये फोरहँडच्या सरासरी वेगाचे आकडे खूप फिरले. आर्यना सबालेंका ताशी ८० मैल, अल्काराझ ७९, सिनर ७८, जोकोविच ७६. म्हणजे ती सुमारे १२९ किलोमीटर, जोकोविच १२२. अनेकांना धक्का बसला. पण त्या यादीत गिरक्यांचा रकाना नव्हता. सबालेंकाचा चेंडू तुलनेने सपाट जातो, जाळीच्या जवळून. पुरुषांच्या फटक्यातला मोठा हिस्सा चेंडू फिरवण्यात खर्च होतो. दोन वेगळ्या कामांची ही तुलना आहे. त्याने तिच्या फोरहँडचं मोल कमी होत नाही. पाय रोवलेली सबालेंका फोरहँडला येते तेव्हा समोरचीला धावायचीसुद्धा उसंत नसते. त्याच सपाटपणाची दुसरी बाजू २०२५च्या पॅरिसच्या अंतिम सामन्यात दिसली. वारं जोराचं होतं, चेंडू हवेत भरकटत होता, आणि जाळीवर हातभरच जागा ठेवून मारणारीला चूक सावरायला वाव राहिला नाही. तिच्या टाळता येण्यासारख्या चुका सत्तर झाल्या. कोको गॉफ ६-७, ६-२, ६-४ने जिंकली.

गंमत बघा, गॉफचा फोरहँड हीच तिची दुबळी बाजू मानली जाते. पकड पाचकडची, तयारी लांब, सपाट जलद चेंडू फोरहँडला आला की ती उशीर करते आणि चेंडू आखूड पडतो. पण त्या वाऱ्यात तिचा उंच, भरपूर फिरवलेला, घाई न करणारा फोरहँड योग्य ठरला. फोरहँड कितीही गाजलेला असला, तरी त्याचं माप त्या दिवशीची हवा, कोर्ट आणि समोरचा चेंडू यांवरच निघतं.

याच मापाने इगा श्वियाँतेक समजते. तिचीही पकड वेस्टर्नकडची, टॉपस्पिन महिलांमध्ये सगळ्यांत जड. लाल मातीवर चेंडू उंच उसळतो, तिला क्षणभर जास्त मिळतो, आणि तिने पॅरिसला फ्रेंच ओपनची चार जेतेपदं मिळवली, २०२०, २०२२, २०२३, २०२४. येलेना ओस्टापेंको मात्र तिच्याविरुद्ध २०२५च्या स्टुटगार्टच्या स्पर्धेपर्यंत सहाच्या सहा सामने जिंकली होती. कारण साधं आहे. ओस्टापेंको चेंडू लवकर घेते आणि सपाट, बेधडक मारते. श्वियाँतेकची रॅकेट अजून मागेच असते, चेंडू कमरेपाशी येऊन ठेपलेला असतो, फटका फ्रेमला किंवा जाळीत. गवतावरही वर्षानुवर्षं हेच होत होतं. म्हणून २०२५चं विम्बल्डन मला इतकं आवडलं. तिने तयारी आखूड केली, चेंडू थोडा आधी घेतला, सपाट मारायची तयारी दाखवली, आणि अंतिम सामन्यात अमांडा अनिसिमोवाला सत्तावन्न मिनिटांत ६-०, ६-० हरवलं. पकड बदललेली नव्हती. घाईत ती कशी वापरायची ते तिने शिकून घेतलं होतं.

क्लबात खेळणाऱ्यांनी यातलं काय उचलावं? अल्काराझचं मनगट उचलू नये, एवढं आधी. त्याचं मनगट मागे पडतं ते सैल सोडल्यामुळे आणि कंबर आधी फिरल्यामुळे. मुद्दाम मनगट झटकलं तर टॉपस्पिन येत नाही, कोपर मात्र दुखू लागतं. कडक पॉलिएस्टर तारा जास्त ताणून बसवल्या असतील तर आणखी लवकर. आठवड्यातून दोनदा खेळणाऱ्याने त्या सैल बसवाव्यात किंवा मऊ मल्टिफिलामेंट (अनेक बारीक धाग्यांच्या) वापराव्यात.

उचलायच्या गोष्टी तीन, आणि तिन्ही दिसायला किरकोळ. पहिली, समोरच्याची रॅकेट चेंडूला लागते त्या क्षणी एक छोटी उडी घेऊन दोन्ही पायांवर उतरणं. ती चुकली की पहिलं पाऊल उशिरा पडतं आणि पुढचं सगळं घाईत होतं. दुसरी, डावा हात. रॅकेट मागे नेताना तो गळ्यावर ठेवावा आणि खांदा वळेपर्यंत सोडू नये. डावा हात लवकर सुटला की खांदे अर्धेच वळतात आणि सगळा भार उजव्या दंडावर येतो. आपल्याकडच्या दहातल्या आठ फोरहँडमध्ये हा दोष सापडेल. तिसरी, अंतर. चेंडू पुढच्या पायाच्या थोडा पुढे आणि अंगापासून हातभर लांब लागला पाहिजे. तो अंगाला चिकटला तर रॅकेट वर जायला जागाच राहत नाही आणि चेंडू जाळीत जातो. फार लांब गेला तर हात ताणला जातो आणि चेंडू बाजूला उडतो. यासाठी जोडीदाराला हाताने चेंडू टाकायला सांगावं, वीस-वीसचे तीन संच, पण प्रत्येक चेंडूआधी किमान चार छोटी पावलं मोजून टाकायची. जोर अर्धाच ठेवायचा. पहिल्या दोन संचांत चेंडू कुठे पडतो ते बघूच नये, फक्त अंतर जमतंय का ते बघावं.

आणि जानेवारीत मेलबर्नचे सामने पहाटे साडेपाचला सुरू होतील तेव्हा चहा हातात घेऊन दहा मिनिटं चेंडूकडे न बघता एकाच खेळाडूच्या पायांकडे बघावं. सिनर असला तर फटक्याआधीची पावलं मोजावीत. अल्काराझ असला तर डावा हात रॅकेटचा गळा कधी सोडतो ते.